आकृती ७ पुन्हा पाहावी

प्रकरणातली व्यक्ती मीच आहे, त्यामुळे तटस्थपणाचा दावा करत नाही. वय ४२. काम शालेय पुस्तकांच्या संपादनाचं, त्यातही गणित आणि विज्ञान. दुसरी व्यक्ती शाळेत सलग तीन वर्षं माझ्या शेजारी बसायची. तिला इथे बाकशेजारीण म्हणते. तिने हा मजकूर वाचलाय. तिच्या दोन हरकती होत्या, त्यातली एक मी मान्य केली.

शाळा सुटून २६ वर्षांनी वर्ग एकत्र जमला. बाकशेजारीण पूल बांधणारी अभियंता झालीये हे तिथे कळलं. त्यानंतरच्या चार महिन्यांत मी तिच्याशी एक बारीकसा कपटीपणा केला. इतका बारीक, की माझा मलाच तो तीन आठवडे दिसला नाही.

स्नेहमेळावा

४७ जणांच्या वर्गातले ३१ आले होते. चेहरे पटापट ओळखले, नावं जिभेवर येईनात. याचं आश्चर्य वाटायला नको. हॅरी बाहरिक हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जवळपास ४०० माणसांना त्यांच्या शाळेच्या वार्षिकांकातले फोटो दाखवले, तेव्हा शाळा सोडून तीसहून जास्त वर्षं झालेल्यांनीही दहातले नऊ चेहरे ओळखले. चेहरा टिकतो. पण त्या चेहऱ्याबरोबर आपण चौदाव्या वर्षाचा सगळा माणूसच जपून ठेवतो, आणि समोरचा मात्र मधल्या काळात भलतंच काही होऊन आलेला असतो.

बेडकाचं विच्छेदन पाहून वर्गाबाहेर पळालेला मुलगा आता तान्ह्या बाळांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करतो. हजेरीला जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचायचा नाही, ती रेडिओवर बातम्या देते. वर्गातला सगळ्यात सराईत थापाड्या न्यायाधीश झालाय. त्याचं यावर म्हणणं, ‘समोरचा कुठे थाप मारतोय ते मला आधी कळतं.’ आम्ही पोट धरून हसलो. या तिघांचं ऐकताना मला झालेला आनंद अगदी निखळ होता, त्यात कुठे खडा लागला नाही. पुढच्या सगळ्या विचारात ही नोंद महत्त्वाची ठरली, म्हणून इथे लिहून ठेवते.

मग न्यायाधीशाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. अर्धवट झालेल्या पुलाचं टोक, खाली बरीच खोल नदी, आणि डोक्यावर शिरस्त्राण घातलेली बाकशेजारीण. हातात गुंडाळलेला आराखडा, आणि त्याच्या कडेवर टेकवलेलं अंगठ्याचं नख. ते नख मी लगेच ओळखलं. शाळेत रेघ मारण्याआधी ती पट्टीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायची, कड खरवडलेली नाही ना ते पाहायला. बाई म्हणायच्या, ‘अगं, पट्टीची आरती नको करूस, उदाहरण सोडव.’

मी म्हटलं, ‘वा!’ आणि पाठोपाठ तिला विचारलं, ‘एका पुलावर किती जणांची टीम असते गं?’

प्रश्न साधा आहे. त्या क्षणी तो कशासाठी आला होता, हे मला ठाऊक आहे. श्रेयाला किती जणांनी भागायचं, ते मला मोजून हवं होतं. ती म्हणाली, ‘खूप जणांची. मी त्यातली एक.’ खरं उत्तर होतं ते. त्याने मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून घरी जाताना चुटपूट लागली.

न आलेल्या १६ जणांविषयी त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. ‘आपल्या वर्गात सगळ्यांनी काहीतरी करून दाखवलं’ हे वाक्य तिथे चार वेळा ऐकलं. ते आलेल्यांपुरतं खरं होतं.

तिचाच का लागला?

शल्यविशारद, वृत्तनिवेदिका, न्यायाधीश यांचं काम पुलाच्या कामापेक्षा कमी मोलाचं नाही. तरी टोचलं ते तिचंच. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की स्वतःला जोखायला वस्तुनिष्ठ माप नसेल तेव्हा माणूस दुसऱ्या माणसांशी तुलना करतो, आणि त्यासाठी आपल्यासारखीच माणसं निवडतो. शाळेतला वर्ग म्हणजे अशा तुलनेची आयती सोय. वय तेच, फळा तोच, सुरुवातीची रेघ एकच. पण मग आलेल्या बाकीच्या ३० जणांशी तुलना व्हायला हवी होती. झाली एकीशी.

हे कोडं अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीने माझ्यापुरतं सुटलं. जवळच्या माणसाचं यश आपल्याला फुलवतं की टोचतं, हे त्याच्या मते एका गोष्टीवर ठरतं : ते यश ज्या प्रांतातलं आहे तो प्रांत आपण आपला मानतो का? मानत नसू तर त्या यशाच्या उजेडात आपणही थोडे उजळतो. (न्यायाधीशाविषयी मी आत्तापर्यंत निदान सहा जणांना सांगितलंय, ‘माझ्या वर्गातला हं.’) प्रांत आपला असेल, तर माणूस जितका जवळचा तितकं जास्त लागतं. तीच व्यक्ती अनोळखी असती तर मी तिच्या पुलावर कौतुकाने एखादी चौकट लिहून पाठ्यपुस्तकात टाकली असती.

आणि प्रांत माझा होता. निदान मी तसं धरून चालले होते. शाळेनंतर मी स्थापत्य अभियांत्रिकीला गेले, दोन वर्षं केली आणि सोडली. घरातलं आजारपण हे कारण होतं. मी सगळ्यांना तेच सांगते आणि ते खरंही आहे. दुसऱ्या वर्षाचा निकाल फारसा चांगला नव्हता, हेही खरं आहे. ते मी इतक्यांदा सांगत नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांच्या चेहऱ्यांचा एक अभ्यास आहे, १९९५ साली प्रसिद्ध झालेला. व्हिडिओ पाहणाऱ्यांना कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले. रौप्यवाल्याला हुकलेलं सुवर्ण दिसत असतं, कांस्यवाल्याला आपण रिकाम्या हाताने परतलो नाही याचं समाधान असतं. जी कधी त्या वाटेला गेलीच नाही तिला पूल हा पूलच दिसतो. मला तो फोटो पाहताना तिसरं वर्ष, चौथं वर्ष, पहिली नोकरी असं ओळीने दिसत गेलं.

यात नवीन काही नाही. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हेसियड या ग्रीक कवीने म्हणून ठेवलंय की कुंभाराचा राग कुंभारावर आणि भिकाऱ्याचा हेवा भिकाऱ्याला. ॲरिस्टॉटलनेही हेव्याची जागा वयाने, स्थळाने, लौकिकाने जवळच्या माणसांतच दाखवली. दोघांनाही शाळेतला बाक ठाऊक नव्हता, नाहीतर उदाहरण शोधायला इतकं फिरावं लागलं नसतं.

हस्तलिखित

महिन्याभराने तिचा मेल आला. मुलांसाठी तिने एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, पूल का पडत नाहीत याविषयी. ९६ पानं, २२ आकृत्या. ‘तू हेच काम करतेस ना? एकदा नजर घाल. तुझ्याइतकं कुणी झोडपणार नाही, म्हणून तुलाच पाठवतेय.’

असं काम मला तीन दिवसांचं. १९ दिवस लावले. सतराव्या दिवशी तिने विचारलं, ‘घाई नाही, पण मिळालं ना?’ मी लिहिलं, ‘कामाचा डोंगर आहे गं.’ डोंगर नव्हता, टेकडीसुद्धा नव्हती.

पुस्तक चांगलं होतं. हे मला पाचव्या पानावरच कळलं आणि तिथून माझा लाल पेन सुटला. कमानीचं प्रकरण तिने साखळीपासून सुरू केलं होतं. दोन टोकं धरून साखळी सैल सोडा, तिचा जो झोल पडेल तो पाहा, आणि आता तो आकार मनातल्या मनात उलटा करा. साखळीत सगळीकडे फक्त ताण असतो. उलट्या आकारात सगळीकडे फक्त दाब. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून दगडाची कमान अशी उभी राहते. रॉबर्ट हूक या इंग्रज वैज्ञानिकाला हे उमगलं होतं. १६७५ साली त्याने ते छापलं, पण अक्षरांची उलटापालट करून, कोड्यासारखं. कुणी समव्यवसायी उचलून आपलं म्हणून सांगेल अशी त्याला धास्ती. उकल छापली गेली १७०५ साली, हूक जाऊन दोन वर्षं झाल्यावर. बाकशेजारणीने ही गोष्ट मुलांना सांगताना एक ओळ टाकली होती : ‘शेजारच्या बाकावरचा बघेल म्हणून वहीवर हात आडवा धरतो ना आपण, तसं.’

मी ती ओळ काढून टाकावी असं सुचवलं. कारण लिहिलं, ‘विषयांतर.’

एकूण खुणा २१२. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं धरून निम्म्याहून जास्त रास्त. काही खरोखर उपयोगी. पण साठेक खुणा अशा, की माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीने केल्या असत्या तर मी तिला समोर बसवून विचारलं असतं, तुला सिद्ध काय करायचंय? ‘उभी राहते’चं मी ‘स्थिर राहते’ केलं. कमान टोकांना बाहेर ढकलते त्या जोराला तिने ‘रेटा’ म्हटलं होतं. दहा वर्षांच्या मुलाला गर्दीतला रेटा ठाऊक असतो, शब्द अगदी नेमका. मी तिथे ‘प्रणोद’ केलं आणि समासात लिहिलं, ‘पारिभाषिक संज्ञा वापरावी.’ संपूर्ण पुस्तकात ११ ठिकाणी.

आणि आकृती ७. कमान दोन्ही टोकांच्या आधारांना बाहेरच्या बाजूला रेटते, असं वर मजकुरात स्वच्छ लिहिलेलं. खाली आकृतीत, कमानीचा रेटा म्हणून दाखवलेले दोन्ही बाण आत वळलेले. आधार कमानीला उलट दाबतात ते बाण आत असतात, हे खरं. पण खाली नाव होतं ‘कमानीचा रेटा’. ही चूक छापली गेली असती तर मुलं गोंधळली असती आणि एखाद्या परीक्षकाने पुस्तकच बाजूला ठेवलं असतं. मला ती पहिल्या नजरेत दिसली. मी समासात लिहिलं : ‘आकृती ७ पुन्हा पाहावी.’

एवढंच. स्वल्पविरामासाठी दोन-दोन ओळी लिहिणाऱ्या बाईने या एकमेव गंभीर चुकीसाठी चार शब्द खर्च केले, तेही असे की काय पाहावं ते कळू नये. (मूळ मसुद्यात मी ही चूक चित्रकाराच्या नावावर घातली होती. बाकशेजारणीची पहिली हरकत हीच : ‘बाण मी काढले होते, त्याला का अडकवतेस?’ ती मान्य.)

टेसरने जोनाथन स्मिथबरोबर केलेला एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यात मित्रांच्या जोड्या बोलावल्या होत्या. शब्द ओळखायचा खेळ. ओळखणाऱ्याला इशारे द्यायचे, आणि ते सोपे द्यायचे की अवघड हे देणाऱ्याच्या हाती. खेळ म्हणजे नुसता खेळ आहे असं सांगितलं, तेव्हा माणसांनी अनोळख्यांपेक्षा मित्राला सोपे इशारे दिले. पण हा खेळ तुमची महत्त्वाची क्षमता मोजतो असं सांगितलं, तेव्हा मित्राच्या वाट्याला अनोळख्यांपेक्षा अवघड इशारे आले. मला हा प्रयोग नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होता. एका पुस्तकासाठी मीच त्याचा परिच्छेद तपासला होता. माहीत असण्याचा उपयोग शून्य.

फोन

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. बाकीच्या सगळ्या खुणांवर तिने काम केलं होतं. अकरा ‘प्रणोद’ही निमूटपणे बसवले होते.

‘अगं, सातमध्ये काय आहे? मी तीनदा पाहिली. नवऱ्याला दाखवली. मला काही म्हणजे काही दिसत नाहीये.’

आपली चूक आपल्याला दिसत नाही हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. म्हणून तर प्रूफं दुसऱ्याने वाचायची असतात.

‘बाण,’ मी म्हटलं.

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. मग, ‘अरे देवा!’ आणि मग ती मोठमोठ्याने हसायला लागली. ‘बाई असत्या तर पट्टी तुटली असती माझ्यावर. पण ए शहाणे, बाण उलटे आहेत असं लिहिलं का नाहीस?’

मी म्हटलं, ‘राहून गेलं.’

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुला आठवतं, तुझ्या वहीत आकृत्या मी काढायचे आणि माझ्या वहीत उदाहरणं तू सोडवायचीस?’

मला आठवत होतं ते असं : मी तिला भूमिती शिकवायचे. गणितात मी नेहमी पहिली, ती कशीबशी पास. तिच्या बोलण्यातली देवघेव माझ्या आठवणीत नव्हतीच. होता तो दानधर्म. मी तसं काहीसं म्हटल्यावर तिने दुसऱ्या दिवशी नववीच्या सहामाहीच्या तिच्या प्रगतिपुस्तकाचा फोटो पाठवला. खोडसाळपणे नाही, तिला गंमत वाटली म्हणून. भूमिती ८१. माझं प्रगतिपुस्तक मी माळ्यावरून काढलं. भूमिती ७८.

बाहरिकनेच १९९६ साली असंही तपासलं होतं : महाविद्यालयातल्या मुलांना शाळेतल्या श्रेणी आठवायला सांगितल्या आणि शाळेच्या दप्तराशी ताडून पाहिल्या. सर्वोत्तम श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवल्या, सगळ्यात खालच्या तपासल्या गेलेल्या फक्त २९ टक्के, आणि चुका बहुतांशी वरच्या बाजूला. ती मुलं शाळा सोडून एक-दोन वर्षंच झालेली. मी तर २६ वर्षं माझ्याच दप्तरात फेरफार करत होते.

तेव्हा ‘मागे असलेली पुढे गेली’ ही जी गोष्ट मी मेळाव्यापासून स्वतःला सांगत होते तिचा पायाच ढिसूळ निघाला. ती मागे नव्हती. वर्गातली सगळ्यात लहान मात्र होती, माझ्याहून जवळजवळ ११ महिन्यांनी. पहिलीत, सहा वर्षांच्या मुलाला ११ महिने म्हणजे आयुष्याचा सहावा-सातवा हिस्सा. त्या वयातला हळूपणा ‘हिला जमत नाही’ म्हणून नोंदला जातो आणि पुढे शिक्का पुसत नाही. असे शिक्के मारणारे मोठेमोठे लोकही फसलेत. लुईस टर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजार अतिबुद्धिमान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घ्यायचं काम सुरू केलं. त्यातल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. चाचणीत गुण कमी पडले म्हणून वगळलेल्या दोघांना मिळालं : विल्यम शॉकली, १९५६, आणि लुईस अल्वारेझ, १९६८. टर्मनच्या निवडलेल्यांतही चांगली कर्तबगार माणसं निघाली, हे सांगायला हवं. पण ही दोन नावं माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहेत.

त्या फोननंतर मी स्वतःला एक प्रश्न विचारला, तो भाषेचा. नील्स फान डे फेन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हेव्याचे दोन प्रकार वेगळे केले : एक जो आपल्याला वर चढायला लावतो, दुसरा जो समोरच्याला खाली ओढतो. त्यांच्या डच भाषेत दोघांना दोन शब्द आहेत, इंग्रजीत एकावर भागवावं लागतं. मराठीत आपलीही चैन आहे. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे आपण मैत्रिणीला तोंडावर, गालातल्या गालात हसत सांगतो. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. पतंजलीने सुखी माणसाविषयी मैत्री ठेवावी असं सूत्रात बसवलं, ते सूत्र करावं लागलं यातच आलं सगळं. माझ्या २१२ खुणांपैकी हेव्याच्या किती आणि मत्सराच्या किती, हे मोजायचा मी एका रविवारी खरंच प्रयत्न केला. ‘विषयांतर’ आणि ११ ‘प्रणोद’ दुसऱ्या रकान्यात गेले. आकृती ७ कुठे घालावी ते ठरेना. ती खूण तर बरोबर होती.

मी तिला हे सगळं सांगितलं. फोनवर नाही, लिहून. म्हणजे हाच मजकूर, याचा पहिला कच्चा खर्डा. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तिची दुसरी हरकत अशी : ‘कपटीपणा हा शब्द काढ. जास्त होतोय.’ ती मी मान्य केलेली नाही. पुढे तिने लिहिलं होतं की मेळाव्यात टीमचा प्रश्न आला तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. शिवाय तीही गेली काही वर्षं माझ्या संपादनाखाली निघालेली पुस्तकं पहिल्या पानावरचं माझं नाव झाकून वाचते, कारण एकदा तिने एका प्रकाशकाला पाठवलेलं लिखाण ‘भाषा कच्ची’ म्हणून परत आलं होतं. ‘तुझा प्रांत माझा नाही असं कुणी सांगितलं तुला?’

याचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दुसरं प्रूफ आलं. अकरा ठिकाणी ‘रेटा’ परत आलाय. वहीवर हात आडवा धरण्याची ओळही जागेवर आहे. दोन्हींवर मी खूण केली नाही. आकृती ७ चे बाण बाहेर वळलेत. आकृती ९ मधल्या साखळीविषयी मी लिहिलं : ‘साखळीचं डावं टोक उजव्यापेक्षा अंदाजे २ मिलिमीटर खाली आहे; त्यामुळे पुढच्या पानावर तीच आकृती उलटी केल्यावर कमान एका बाजूला कललेली दिसते. दोन्ही टोकं एका पातळीत घ्यावीत.’ ४३ व्या पानावर ‘कमान उभी राहते’ असं आहे. तिथे हात थांबला नाही, ‘स्थिर’ करून पाठवलं. ती ते बदलणार नाही.